मजकूर-संपादकासाठी माहिती-रूपांतरक प्लगइनची रचना : कॉटन ग्रीन येथील कापूस दरपत्रकाच्या संदर्भात

सारांश

संशोधनासाठी जमविलेली सांख्यिकीय माहिती एका फाईल-स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेताना तिच्यात नकळत बदल होतात. हे बदल बहुधा कोणताही दोषसंदेश न देता घडतात आणि पुढील निष्कर्षांवर परिणाम करतात. प्रस्तुत लेखात मजकूर-संपादकाला, म्हणजेच टेक्स्ट एडिटरला, जोडता येणाऱ्या रूपांतरक प्लगइनची रचना टप्प्याटप्प्याने स्पष्ट केली आहे. उदाहरण म्हणून मुंबईतील कॉटन ग्रीनशी निगडित असलेल्या रुईच्या दरपत्रकाचा आधार घेतला आहे. स्वल्पविराम, देवनागरी अंक, रिकामे रकाने, मापन-एकके आणि मराठी अक्षरांची दुहेरी सांकेतिक रूपे या पाच ठिकाणी होणाऱ्या हानीचे विवेचन करून ती टाळण्याचे मार्ग सुचविले आहेत.

महत्त्वाच्या संज्ञा : मजकूर-संपादक, प्लगइन, सीएसव्ही, जेसन, एक्सएमएल, युनिकोड, खंडी, हजर दर.

१. प्रस्तावना

मुंबईच्या हार्बर मार्गावर रे रोड आणि शिवडी या स्थानकांच्या दरम्यान कॉटन ग्रीन हे स्थानक आहे. स्थानकासमोरील कॉटन एक्स्चेंजच्या इमारतीत कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचे कार्यालय आहे. १९२१ मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन या नावाने ही संस्था स्थापन झाली. कॉटन ग्रीन हे नाव मूळचे या परिसराचे नव्हे. मुंबईचा कापूस बाजार आधी कोटातील मैदानावर, नंतर कुलाब्यास आणि पुढे मुंबई बंदराच्या भरावभूमीवर शिवडीच्या बाजूस असा स्थलांतरित होत गेला आणि बाजाराबरोबर त्याचे नावही येथे आले.

ही संस्था रुईच्या निरनिराळ्या प्रतींचे हजर बाजारातील दर नियमितपणे प्रसिद्ध करते. प्रत, धाग्याची लांबी, मायक्रोनेअर, कचऱ्याचे प्रमाण, ताकद आणि दर असे रकाने असलेले हे दरपत्रक अर्थशास्त्र, वाणिज्य, इतिहास, भूगोल आणि सांख्यिकी या सर्वच विषयांच्या अभ्यासकांना उपयोगी आहे. गिरणगावाचा आर्थिक इतिहास लिहिणारा संशोधक असो अथवा विदर्भातील कापूस उत्पादकांच्या प्रश्नांवर प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी असो, दोघांनाही दरांची दीर्घ मालिका हवी असते.

अशी मालिका तयार करताना अभ्यासकापुढे पहिली अडचण येते ती स्वरूपाची. कोणाकडे माहिती स्वल्पविरामाने विभागलेल्या, म्हणजेच सीएसव्ही, फाईलमध्ये असते. संकेतस्थळासाठी काम करणारा सहकारी जेसन स्वरूप मागतो, तर अभिलेखागारास एक्सएमएल हवे असते. मग हाताने नक्कल करणे, स्प्रेडशीटमध्ये फाईल उघडून पुन्हा साठविणे किंवा आंतरजालावरील एखाद्या अनोळखी रूपांतरकाकडे माहिती पाठविणे असे मार्ग अवलंबिले जातात. हे तिन्ही मार्ग सोयीचे वाटले तरी त्यांत माहितीवर नेमकी काय प्रक्रिया झाली याची नोंद अभ्यासकाजवळ उरत नाही. प्रस्तुत लेखात चौथ्या मार्गाचा विचार केला आहे.

२. मजकूर-संपादक आणि प्लगइन

मजकूर-संपादक आणि शब्दसंस्कारक, म्हणजे वर्ड प्रोसेसर, यांत मूलभूत फरक आहे. शब्दसंस्कारक अक्षरांसोबत ठळकपणा, आकार, समास इत्यादी माहिती साठवितो. मजकूर-संपादक केवळ अक्षरे साठवितो. फाईलमध्ये जे आहे तेच पडद्यावर दिसते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला व्हिम, २००३ पासून उपलब्ध असलेला नोटपॅड प्लस प्लस आणि २०१५ मध्ये आलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड ही या वर्गातील परिचित उदाहरणे होत.

मूळ कार्यक्रमाला हात न लावता त्यात नवे सामर्थ्य जोडणारी लहान आज्ञावली म्हणजे प्लगइन. संपादक प्लगइनला काही ठरावीक सेवा पुरवितो, उदाहरणार्थ निवडलेला मजकूर वाचणे, त्या जागी दुसरा मजकूर ठेवणे, संदेश दाखविणे आणि यादीतून पर्याय निवडू देणे. त्या मोबदल्यात प्लगइनने आपली ओळख एका घोषणापत्रात नोंदवावयाची असते. त्यात प्लगइनचे नाव, त्याच्या आज्ञांची यादी आणि आज्ञा दिल्यावर कोणती फाईल चालवावयाची याचा निर्देश असतो.

रूपांतराच्या कामासाठी मजकूर-संपादक निवडण्याची कारणे तीन आहेत. पहिले, तो मूल्यांचा अर्थ स्वतःहून लावीत नाही. दुसरे, प्रक्रिया अभ्यासकाच्याच संगणकावर होत असल्याने माहिती बाहेर जात नाही. विद्यार्थ्यांचे गुण अथवा सर्वेक्षणातील उत्तरे यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. तिसरे, मूळ आणि रूपांतरित मजकूर शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहता येतो.

पहिल्या कारणाचे महत्त्व एका प्रसिद्ध उदाहरणावरून स्पष्ट होईल. काही जनुकांची संक्षिप्त इंग्रजी नावे मार्च व सप्टेंबर या महिन्यांच्या संक्षेपांसारखी दिसत असल्याने स्प्रेडशीट त्यांचे दिनांकात रूपांतर करीत असे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेल फाईलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत हा दोष आढळला. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरणाचे काम पाहणाऱ्या समितीने त्या जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर केले. रुईच्या दरपत्रकातही हा धोका आहेच. मायक्रोनेअरचा पल्ला ‘३-५’ असा लिहिला असेल तर स्प्रेडशीट त्याचा मे किंवा मार्च महिन्यातील एखादा दिवस करून टाकू शकते.

३. स्वरूपांचा परिचय

सीएसव्ही हे सर्वांत साधे स्वरूप होय. प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद आणि स्वल्पविराम म्हणजे दोन रकान्यांमधील सीमा. हे स्वरूप जुने असले तरी त्याचे लेखी वर्णन ऑक्टोबर २००५ मध्ये आरएफसी ४१८० या दस्तऐवजात झाले. तोवर प्रत्येक कार्यक्रमाची स्वतःची रीत होती आणि त्याचे परिणाम आजही भोगावे लागतात.

एक्सएमएल ही फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रमाणित झालेली खूणभाषा आहे. तीत प्रत्येक मूल्य सुरुवातीच्या व शेवटच्या खुणेमध्ये ठेवले जाते आणि एका घटकात दुसरा घटक सामावता येतो. जेसन हे स्वरूप या शतकाच्या आरंभी डग्लस क्रॉकफर्ड यांनी प्रचारात आणले. नाव व मूल्य यांच्या जोड्या आणि याद्या एवढ्याच दोन रचनांवर ते उभे आहे. त्याचे पहिले आरएफसी वर्णन २००६ मध्ये आणि सध्याचे, म्हणजे आरएफसी ८२५९, डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

या तिघांतील भेद केवळ चिन्हांचा नाही. सीएसव्ही ही सपाट सारणी आहे, तर एक्सएमएल आणि जेसन या वृक्षासारख्या रचना आहेत. शिवाय सीएसव्हीला अंक आणि मजकूर यांतील फरक ठाऊक नाही. तेथे सर्वच मजकूर आहे. जेसनमध्ये मात्र अंक, मजकूर, सत्य-असत्य आणि ‘मूल्य नाही’ असे प्रकार स्वतंत्र आहेत. त्यामुळे सीएसव्हीमधून जेसनमध्ये जाताना फाईलमध्ये नसलेली माहिती, म्हणजे प्रत्येक मूल्याचा प्रकार, कोणीतरी पुरवावी लागते. ती तर्काने पुरवावयाची की अभ्यासकाला विचारून, हा प्लगइनच्या रचनेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय.

४. रचनेचे मुख्य तत्त्व : मध्यवर्ती प्रतिमान

समजा, प्लगइनमध्ये पाच स्वरूपे हाताळावयाची आहेत. प्रत्येक स्वरूपातून उरलेल्या प्रत्येक स्वरूपात नेणारे स्वतंत्र रूपांतरक लिहिले तर त्यांची संख्या पाच गुणिले चार, म्हणजे २० होईल. याऐवजी सर्वांसाठी एकच मध्यवर्ती प्रतिमान ठरवून प्रत्येक स्वरूपासाठी एक वाचक आणि एक लेखक लिहिला तर १० भागांत काम भागते. सहावे स्वरूप जोडताना पहिल्या पद्धतीत आणखी १० रूपांतरक लागतील, तर दुसऱ्या पद्धतीत केवळ दोन भाग.

या प्रतिमानात प्रत्येक रकान्यासाठी चार गोष्टी ठेवणे इष्ट आहे. त्या म्हणजे रकान्याचे नाव, मूल्याचा प्रकार, मापनाचे एकक आणि मूल्य कोणत्या वस्तूविषयी आहे त्याची नोंद. प्रत्येक मूल्यासोबत त्याचा मूळ मजकूरही जसाच्या तसा जपावा. ‘२२ मि.मी. पेक्षा कमी’ अशी लांबीची नोंद अंकात बसत नाही. तिचे २२ करणे म्हणजे अर्थच बदलणे होय. मूळ मजकूर जपला असेल तर असा प्रसंग ओळखून तो अभ्यासकाच्या नजरेस आणता येतो.

५. सीएसव्ही वाचणे

ओळ स्वल्पविरामापाशी तोडली की रकाने मिळतात, असा सर्वसाधारण समज आहे. पुढील ओळ पाहावी. येथील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत.

२०२४-०१-१५,"शंकर-६, गुजरात",२९,"५५,०००"

या ओळीत रकाने चार आहेत : दिनांक, वाण, लांबी आणि दर. परंतु स्वल्पविरामापाशी तोडल्यास सहा तुकडे पडतात. वाणाचे नाव दुभंगते आणि दराचे ‘५५’ व ‘०००’ असे दोन भाग होतात. म्हणून दुहेरी अवतरणचिन्हातील स्वल्पविराम हा सीमादर्शक नसून मूल्याचाच भाग मानावयाचा असतो. अवतरणचिन्ह हेच मूल्यात लिहावयाचे असेल तर ते दोनदा लिहितात. अवतरणचिन्हांच्या आत नवी ओळही सुरू होऊ शकते.

हे नियम पाळणारा वाचक तीन अवस्थांच्या यंत्राने लिहिता येतो. फाईलमधील अक्षरे एकेक करून वाचावयाची आणि आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे लक्षात ठेवावयाचे.

पहिली, साधी अवस्था. येथे स्वल्पविराम आला की रकाना संपतो, ओळ संपली की नोंद संपते आणि रकान्याच्या आरंभी अवतरणचिन्ह आले तर दुसऱ्या अवस्थेत जावयाचे.

दुसरी, अवतरणातील अवस्था. येथे स्वल्पविराम आणि नवी ओळ यांसह प्रत्येक अक्षर मूल्यात जमा करावयाचे. अवतरणचिन्ह आले की तिसऱ्या अवस्थेत जावयाचे.

तिसरी, संशयाची अवस्था. आताच आलेले अवतरणचिन्ह मूल्य संपविणारे होते की जोडीतील पहिले, हे पुढचे अक्षर ठरविते. पुन्हा अवतरणचिन्ह आले तर मूल्यात एक अवतरणचिन्ह जमा करून दुसऱ्या अवस्थेत परतावयाचे. स्वल्पविराम आला तर रकाना आणि ओळ संपली तर नोंद पूर्ण झाली असे समजून पहिल्या अवस्थेत जावयाचे. अन्य कोणतेही अक्षर आल्यास फाईल सदोष आहे असे मानून ओळीच्या क्रमांकासह संदेश द्यावयाचा.

फाईल संपली तेव्हा यंत्र दुसऱ्या अवस्थेत असेल तर कोठेतरी अवतरणचिन्ह बंद करावयाचे राहिले आहे. अशा वेळी उरलेला सर्व मजकूर एकाच रकान्यात गेलेला असतो. हे न तपासणारा रूपांतरक शेकडो नोंदी एका कप्प्यात कोंबतो आणि काम यशस्वी झाल्याचे सांगतो.

६. अंक, रिकामे रकाने आणि दिनांक

यानंतर मजकुराचे अंकात रूपांतर करण्याचा टप्पा येतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोडसाठी प्लगइन बहुधा जावास्क्रिप्ट किंवा तिच्याशी संबंधित टाइपस्क्रिप्ट या भाषेत लिहितात. म्हणून या भाषेचे वर्तन तपासणे आवश्यक आहे.

अंकाचे आरंभीचे भाग वाचणारी जावास्क्रिप्टची एक प्रचलित सुविधा ‘५५,०००’ हा मजकूर आंतरराष्ट्रीय अंकांत दिला असता स्वल्पविरामापाशी थांबते आणि ५५ हे उत्तर देते. दोषसंदेश येत नाही. खंडीचा दर पंचावन्न हजारांवरून पंचावन्न रुपयांवर येतो. दुसरी, अधिक काटेकोर सुविधा वापरल्यास याच मजकुराला ‘अंक नव्हे’ असे विशेष मूल्य मिळते आणि ते जेसनमध्ये लिहिताना ‘मूल्य नाही’ असे होऊन बसते. देवनागरी अंकांत लिहिलेल्या दराचीही तीच गत होते. पायथन ही भाषा देवनागरी अंक स्वीकारते, जावास्क्रिप्ट स्वीकारीत नाही. एकच फाईल दोन साधनांत दोन निष्कर्ष देते, ती अशी.

जेसनच्या व्याकरणात अंकासाठी केवळ आंतरराष्ट्रीय अंकचिन्हे मान्य आहेत. म्हणून प्लगइनने प्रथम देवनागरी अंकचिन्हे बदलून घ्यावीत. नंतर स्वल्पविरामांची मांडणी भारतीय, म्हणजे शेवटी तीन आणि अलीकडे दोन-दोन अंक अशी, आहे का हे तपासावे आणि मगच स्वल्पविराम काढावेत. ‘१,५५,०००’ ही मांडणी ग्राह्य आहे. ‘१,५५,०’ ही संशयास्पद असल्याने ती तशीच ठेवून अभ्यासकास कळवावी. वरील ओळीचे जेसन रूप पुढीलप्रमाणे होईल. छपाईच्या सोयीसाठी येथे अंक देवनागरीत दिले आहेत; प्रत्यक्ष फाईलमध्ये ते आंतरराष्ट्रीय चिन्हांत असतील.

{ "दिनांक": "२०२४-०१-१५", "वाण": "शंकर-६, गुजरात", "लांबी": २९, "दर": ५५००० }

रिकाम्या रकान्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. बाजारास सुटी असलेल्या दिवशी दर नसतो. वर उल्लेखिलेली काटेकोर सुविधा रिकाम्या मजकुराचे अंकात रूपांतर शून्य असे करते. समजा, आठवड्यातील चार दिवस दर ५५,००० रुपये राहिला आणि पाचव्या दिवशी सुटी होती. खरी सरासरी ५५,००० आहे. सुटीचे शून्य धरल्यास ती ४४,००० होते. म्हणून ‘दर शून्य’, ‘दर नोंदविला नाही’ आणि ‘सुटी’ या तीन गोष्टी मध्यवर्ती प्रतिमानात वेगवेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

याउलट काही अंक हे अंक नसतातच. परीक्षेचा आसन क्रमांक, पिन कोड अथवा दूरध्वनी क्रमांक यांची बेरीज कोणी करीत नाही. आरंभीचे शून्य अशा ठिकाणी अर्थपूर्ण असते आणि अंकात रूपांतर करताच ते नाहीसे होते. हे रकाने मजकूर म्हणूनच ठेवावेत.

दिनांकाबाबत एकच नियम पुरेसा आहे. ‘०३/०४/२०२४’ ही नोंद आपल्याकडे ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च ठरते. केवळ नोंद पाहून यांतील योग्य वाचन ठरविणे शक्य नाही. प्लगइनने दिवस आधी की महिना आधी हे एकदा विचारून घ्यावे आणि पुढे वर्ष-महिना-दिवस हा आंतरराष्ट्रीय क्रम वापरावा. कापसाचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा असल्याने ‘२०२३-२४’ हे हंगामाचे नाव आहे. दिनांक अथवा वजाबाकी नव्हे, हेही ध्यानात घ्यावे.

७. एकक आणि वस्तू : खंडी, क्विंटल, रुई आणि कापूस

रुईचा दर व्यापारात खंडीमागे सांगतात आणि दरपत्रकात तो क्विंटलमागेही दिलेला असतो. खंडी हे माप महाराष्ट्राला जुने आहे. वीस मणांची खंडी, असे कोष्टक असले तरी मण हाच मालागणिक व प्रांतागणिक वेगळा असे. रुईची मुंबईतील खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५५.६२ किलोग्रॅमची. बोलताना ती ३५६ किलो अशी पूर्णांकात सांगतात.

या पूर्णांकामुळे किती फरक पडतो ते पाहू. खंडीचा दर ५५,००० रुपये असेल तर ३५५.६२ किलोच्या हिशेबाने क्विंटलचा दर सुमारे १५,४६६ रुपये येतो. ३५६ किलो धरल्यास तो सुमारे १५,४४९ रुपये येतो. रुईची गाठ १७० किलोची असते. शंभर गाठी, म्हणजे १७० क्विंटल, रुईवर हा फरक सुमारे २,८०० रुपयांचा होतो. म्हणून रूपांतराचा गुणक आज्ञावलीत लपवून न ठेवता तो रूपांतरित फाईलमध्येच नोंदविला जावा.

पूर्णांकीकरणाचीही मर्यादा ओळखली पाहिजे. ५५,००१ रुपये खंडीचे क्विंटलमध्ये रूपांतर करून जवळच्या रुपयात आणल्यास १५,४६६ मिळतात. त्यांचे पुन्हा खंडीत रूपांतर केल्यास ५५,००० येतात. एक रुपया हरवला. मूळ मूल्य जपल्याशिवाय हा रुपया परत मिळविता येत नाही.

याहून मोठी हानी वस्तूचे नाव गळाल्याने होते. दरपत्रकातील दर रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा असतो. शेतकरी विकतो तो सरकीसह कापूस आणि केंद्र सरकारची किमान आधारभूत किंमतही त्याच कापसाची असते. २०२३-२४ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाची ही किंमत क्विंटलमागे ७,०२० रुपये होती. एका क्विंटल कापसातून साधारणपणे एक-तृतीयांशाच्या आसपास रुई निघते, उरलेला भाग मुख्यत्वे सरकीचा असतो. आता दरपत्रकाच्या शीर्षकातील ‘रुई’ हा शब्द रूपांतरात गळाला आणि ‘दर, रुपये प्रति क्विंटल’ एवढेच उरले, तर १५,४६६ आणि ७,०२० हे दोन आकडे शेजारी येतात. त्यावरून शेतकऱ्यास बाजारभावाच्या निम्माही दर मिळत नाही, असा निष्कर्ष काढणारा प्रबंध लिहिला जाऊ शकतो. शेतकऱ्याच्या परिस्थितीविषयीचे प्रश्न खरे आहेत; परंतु चुकीच्या तुलनेवर उभी केलेली मांडणी पहिल्याच आक्षेपाने कोसळते आणि तिच्याबरोबर खऱ्या प्रश्नाचीही विश्वासार्हता जाते. मध्यवर्ती प्रतिमानात एकक आणि वस्तू यांची नोंद सक्तीची असावी, असे वर म्हटले आहे ते यासाठीच.

८. मराठी अक्षरांचे प्रश्न

युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक आहे. यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत असे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘कापूस’ या शब्दात पडद्यावर अक्षरे तीन दिसतात. त्यात चिन्हे पाच आणि बाइट पंधरा आहेत. रकाने सरळ रेषेत मांडून दाखविणारे प्लगइन चिन्हांची संख्या मोजून जागा सोडीत असेल तर मराठी सारणी वाकडीतिकडी दिसते. ही अडचण केवळ दिसण्यापुरती आहे.

दुसरी अडचण माहितीपर्यंत पोहोचते. ‘शेतकऱ्यास’ या शब्दातील जोडाक्षर दोन प्रकारे साठविता येते. एका प्रकारात नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि अक्षरे जोडण्याची सूचना देणारे अदृश्य चिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. दोन सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या कळफलकांवर ‘शेतकऱ्यास मिळालेला दर’ हे शीर्षक टंकलिखित केले असेल, तर जेसनमध्ये एकाच रकान्याचे दोन रकाने होतात आणि प्रत्येकात अर्धीच माहिती उरते. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण हे दोन प्रकार एकत्र आणीत नाही. त्यासाठी प्लगइनमध्ये मराठीपुरता स्वतंत्र नियम लिहावा लागतो.

तिसरी बाब फाईलच्या आरंभी येणाऱ्या अदृश्य क्रमखुणेची. एक्सेल यूटीएफ-८ सीएसव्ही साठविताना आरंभी तीन बाइटांची खूण घालते. वाचकाने ती काढली नाही तर पहिल्या रकान्याचे नाव ‘दिनांक’ असे दिसते, पण त्या नावाने शोधल्यास सापडत नाही. जेसनमध्ये ही खूण घालू नये असा स्पष्ट नियम आहे. उलट सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडावयाची असेल तर ही खूण उपयोगी पडते. ती नसल्यास मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसण्याचा संभव असतो. म्हणून लेखकाने खूण घालावयाची की नाही हे स्वरूपानुसार ठरवावे.

९. वृक्षाकडून सारणीकडे

एक्सएमएलमधून जेसनमध्ये जाताना एक विशिष्ट संदिग्धता उद्भवते. एखाद्या दिवसाच्या घटकात तीन वाणांचे दर असतील तर रूपांतरक त्यांची यादी करतो. दुसऱ्या दिवशी एकाच वाणाचा दर असेल तर यादी न करता एकटी नोंद ठेवतो. पुढची आज्ञावली सर्वत्र यादी अपेक्षित धरीत असल्याने त्या दिवसापाशी ती अडखळते. यावर उपाय असा की कोणता घटक पुन्हा पुन्हा येऊ शकतो हे अभ्यासकाने आधी सांगावे आणि तो एकदाच आला तरी त्याची यादीच करावी.

वृक्षाची सारणी करताना वरच्या पातळीवरील माहिती प्रत्येक ओळीत पुन्हा लिहावी लागते. ही पुनरुक्ती खटकली तरी ती स्वीकारणे योग्य होय, कारण ओळ स्वयंपूर्ण राहते आणि सारणीचा क्रम बदलला तरी अर्थ बदलत नाही.

१०. संपादकाशी जोडणी आणि चाचणी

रूपांतराचा गाभा संपादकापासून अलग ठेवावा. गाभ्याला मजकूर द्यावा आणि त्याच्याकडून मजकूर व सूचनांची यादी घ्यावी, एवढाच संबंध असावा. म्हणजे उद्या संपादक बदलला तरी गाभा बदलावा लागत नाही. जोडणीच्या भागाने निवडलेला मजकूर घ्यावा. काहीच निवडले नसेल तर संपूर्ण फाईल घ्यावी. उत्तर मूळ मजकुराच्या जागी न ठेवता नव्या पानावर उघडावे, जेणेकरून मूळ फाईल अबाधित राहील. सूचनांमध्ये ओळ आणि रकाना यांचा निर्देश असावा.

चाचणीची प्रचलित रीत म्हणजे फेरप्रवास. सीएसव्हीचे जेसन करावे, जेसनचे पुन्हा सीएसव्ही करावे आणि मूळाशी ताडून पाहावे. ही चाचणी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. जाताना व येताना एकच चूक दोन्हीकडे झाली तर ती परस्परांना झाकते. खंडी ३५६ किलोची धरून क्विंटल काढले आणि त्याच गुणकाने परत खंडी काढली तर मूळ आकडा जुळतो, मधला क्विंटलचा दर मात्र चुकीचाच असतो. म्हणून फेरप्रवासासोबत तीन स्वतंत्र पडताळण्या कराव्यात : नोंदींची संख्या, अंकात्मक रकान्यांची बेरीज आणि हाताने तपासलेल्या काही नोंदी.

नोंदींची संख्या मोजणे किती मोलाचे आहे याचा अनुभव इंग्लंडने ऑक्टोबर २०२० मध्ये घेतला. तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फाईलची माहिती जुन्या एक्सेल स्वरूपात भरली जात होती. त्या स्वरूपात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नाही. त्यापुढील नोंदी गळाल्या आणि कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध त्यामुळे लांबला. येणाऱ्या व जाणाऱ्या नोंदींची संख्या ताडून पाहिली असती तर ही गळती त्याच दिवशी दिसून आली असती.

११. निष्कर्ष व शिफारशी

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

अ) फाईल-स्वरूपाचे रूपांतर हे यांत्रिक काम नसून त्यात प्रकार, एकक आणि अर्थ यांविषयीचे निर्णय अंतर्भूत असतात. हे निर्णय विषयतज्ज्ञाने घ्यावयाचे असतात; ते आज्ञावलीवर सोपवू नयेत.

आ) बहुतेक हानी दोषसंदेशाशिवाय होते. म्हणून संशय येताच थांबून विचारणारे प्लगइन हे अंदाजाने पुढे जाणाऱ्या प्लगइनपेक्षा अधिक उपयुक्त होय.

इ) मराठी माहितीसाठी देवनागरी अंक, भारतीय स्वल्पविराम-पद्धती आणि जोडाक्षरांची दुहेरी रूपे यांचे नियम स्वतंत्रपणे लिहावे लागतात. मराठी लिहिणाऱ्यांनीच ते लिहिले पाहिजेत.

महाविद्यालयांच्या दृष्टीने तीन शिफारशी कराव्याशा वाटतात. संगणकशास्त्राच्या पदवी वर्गातील प्रकल्पासाठी असे प्लगइन हा योग्य विषय आहे. त्याचा आवाका एका सत्रात सामावण्याजोगा आहे आणि त्याचा उपयोग अन्य विभागांना तत्काळ होतो. दुसरे, असा प्रकल्प अर्थशास्त्र अथवा वाणिज्य विभागाच्या सहकार्याने व्हावा, कारण रुई आणि कापूस यांतील भेद संगणकाच्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. तिसरे, प्रबंधासोबत मूळ फाईल, रूपांतरित फाईल आणि रूपांतराची सूचनायादी अशा तिन्ही गोष्टी जमा करून घेण्याचा प्रघात विभागांनी पाडावा. असे झाल्यास परीक्षकाला शंका आलेल्या आकड्यापासून दरपत्रकातील मूळ नोंदीपर्यंत मागे जाता येईल आणि विद्यार्थ्यालाही आपला आकडा कोठून आला हे आत्मविश्वासाने सांगता येईल.